दारावरचे वाक्य

एकदा एक वयोवृद्ध गवई होते. त्यांच्या गाण्याइतकेच त्यांचे एक वाक्यही प्रसिद्ध होते: "गाणं वहीत राहत नाही." संगीतसभांचे अध्यक्ष ते भाषणाच्या आरंभी मोठ्या आदराने सांगत आणि मग कागदावर लिहून आणलेले भाषण वाचू लागत.

बुवांच्या पट्टशिष्याने गावात गायनशाळा काढली, तेव्हा तेलाच्या एका व्यापाऱ्याने हेच वाक्य पाटीवर रंगवून दारावर लावून दिले. व्यापाऱ्याला गाण्यातले ओ की ठो कळत नसे; पण वाक्य ऐकायला भारदस्त होते, आणि तेवढे त्याला पुरले. शिष्याने तर त्याचा नियमच केला. वही शाळेत आणायची नाही आणि घरीही ठेवायची नाही. त्याची निष्ठा खोटी नव्हती. गुरूच्या शब्दाबाहेर जाणे त्याच्या स्वप्नातही आले नसते.

या शाळेत एक निवृत्त परिचारिका शिकायला येत. वय साठीच्या पुढे, स्मरणशक्ती थोडी उणावलेली. पण आयुष्यभर मनात राहून गेलेली गाण्याची हौस आता कुठे पुरी होत होती. एके दिवशी त्यांच्या पिशवीतून वही घसरून खाली पडली.

शिष्य म्हणाला, "बाई, वही ठेवायची असेल तर उद्यापासून येऊ नका."

वही टाकली तर बंदिश लक्षात राहणार नव्हती आणि ठेवली तर शिकणे बंद होणार होते. बाई बाहेर पायरीवर येऊन बसल्या. या वयात आपल्याला दुसरे कोण शिकवणार, या विचाराने त्यांना रडू आवरेना.

योगायोगाने त्याच दिवशी बुवा शाळा पाहायला आले. त्यांनी बाईंची विचारपूस केली, वही मागून घेतली आणि चाळता चाळता एका पानाशी थांबले. मग बाईंना सोबत घेऊन ते आत गेले, बैठकीवर बसले, चष्मा लावला आणि चक्क वहीत बघून गाऊ लागले. सगळा वर्ग एकमेकांकडे पाहू लागला. शिष्य तर कानकोंडाच झाला.

गाणे थांबल्यावर तो म्हणाला, "बुवा, तुम्हीच म्हणाला होतात ना, की गाणं वहीत राहत नाही?"

"म्हणालो होतो. पण कुणाला?"

"मला."

"तेव्हा तू काय करत होतास?"

शिष्य म्हणाला, "लिहीत होतो."

"हीच बंदिश होती," बुवा शांतपणे म्हणाले. "मी एक मींड दाखवत होतो. एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद उतरायचं होतं. तीनदा दाखवली आणि तिन्ही वेळा तुझी मान खाली. चौथ्यांदा मी वैतागून बोललो. मान वर कर आणि ऐक, एवढाच त्याचा अर्थ होता. लोकांनी माझं बोलणं तेवढं उचललं. तुझी खाली घातलेली मान कुणी सांगितलीच नाही. मलाही लोकांचं कौतुक बरं वाटत गेलं, म्हणून मी कधी खुलासा केला नाही. तो दोष माझा. थोरामोठ्यांचं वचन घ्यावं जरूर, पण ते कुणाला आणि कशासाठी सांगितलं होतं, तेही विचारून घ्यावं."

एवढे बोलून त्यांनी वही शिष्यापुढे धरली. "आता हे वाच."

बंदिशीचे शब्द सुवाच्य अक्षरात उतरवलेले होते. अंतऱ्यातल्या एका शब्दाखाली बाईंनी बारीक अक्षरात लिहिले होते: 'इथलं लिहिता येत नाही. उद्या सरांकडून पुन्हा नीट ऐकायचं.'

"माझं वाक्य यांना कळलंय," बुवा म्हणाले, "आणि यांनाच तू घालवून देतोयस."

शिष्याने ती ओळ वाचली. त्याला लाज वाटली, पण इतक्या वर्षांनी एक ओझे उतरल्यासारखेही वाटले. वही बाईंच्या हातात परत देत तो म्हणाला, "बाई, त्या दिवशी मी हीच जागा लिहायची धडपड करत होतो. बसा. पुन्हा गातो."

बाईंनी वही आपणहून मिटली आणि त्या ऐकू लागल्या.