चांदीवरचं तोंड

कुणाकुणाला लाजच नसते, बरं का! स्वतःचं तोंड चांदीवर ठोकून घ्यायचं आणि समुद्रापलीकडच्या घराघरांत धाडायचं.

एकदा काय झालं, सोपाऱ्याच्या बंदरात रोमकांचं जहाज आलं. रोमक म्हणजे फार लांबचे लोक. त्यांनी मिरी नेली, चांदीची नाणी दिली. नाण्यावर त्यांचा राजा. डोक्यावर पानांचा मुकुट, मान एका बाजूला, डोळा एकच.

सोपाऱ्यात रीत होती. परकं नाणं घरात घ्यायचं, तर आधी राजाच्या गालावर छिन्नीचा घाव घालायचा. मगच ते निमूट चांदी होतं. पण नागदत्त सोनाराला वाटलं, इतकं देखणं काम कशाला बिघडवा? त्यानं तीन नाणी तशीच ओवली आणि माळ लेकीच्या, सामाच्या गळ्यात घातली.

पहिल्या दिवशी सामाची मान एका बाजूला वळली, ती वळलीच. दुसऱ्या दिवशी आईनं समोरून पाहिलं, तरी लेकीचा एकच डोळा दिसला. तिसऱ्या दिवशी आईनं गालाला हात लावला. गाल गार. टिचकी मारली, तर खण्ण वाजला!

आणि सामा जाड आवाजात म्हणाली, “गुडघे टेका.”

माळ निघेना. नाण्यांवर बघतात तर राजा नाहीच. तिन्हींवर सामाचंच तोंड.

“छिन्नी आणा,” आई म्हणाली.

“वेडी का गं तू?” नागदत्त म्हणाला. “पोरीचं तोंड आहे ते! तिचाच गाल चिरला तर?”

“माझी पोर अशी माणसांच्या डोक्यावरून बघत नाही. हा तोच आहे, तिच्याआड लपलेला. सरा बाजूला!”

मग आईनं सामाला ऐरणीशी बसवलं. पहिल्या नाण्यावर घाव, मान सरळ झाली. दुसऱ्या नाण्यावर घाव, दुसरा डोळा उघडला. तिसऱ्या घावाला सामा भोकाड पसरून रडली, गाल ऊन झाला आणि माळ सुटली. नागदत्तानं नाणी मुशीत घालून वितळवली. त्या चांदीचा आमटीचा पळा केला.

झालं. तिघं पोटभर जेवली, सुखानं राहिली. तुम्हीही आता डोळे मिटा.

काय? मग पुढे?

मग दारावरून बंदरावरचा हमाल ओरडत गेला, “वहिनी, दुसरं जहाज लागलंय! त्यांचा राजा बदलला म्हणे. हा नवा तर लहान लेकरासारखा हसतो.”