पाटलाची तिसरी पाळी

एका गावात एक पाटील होता. माणूस भला होता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा राग येणार आहे.

त्या गावात भांडण झालं की पाटील एकच निवाडा देई. मधला. दोन भावांत घराच्या दारावरून वाद झाला. एक म्हणे दार पूर्वेला हवं, दुसरा म्हणे उत्तरेला. पाटलाने दार कोपऱ्यात पाडायला लावलं. ते भाऊ अजून आडवे होऊन घरात शिरतात. देवीचं जेवण सकाळी की रात्री यावर वाद झाला, तेव्हा पाटलाने भर दुपारी उन्हात पंगत बसवली. सगळ्यांचे पाय पोळले, पण कोणावर अन्याय झाला नाही, याचंच पाटलाला समाधान. आता अशा माणसाला काय म्हणावं?

एका पावसाळ्यात गावाची विहीर ढासळली. विहीर तशी लहानच होती, सहा हात रुंद. चार बायका पाणी ओढायला उभ्या राहिल्या की पाचवीला जागा नसे. गावाने ठरवलं, शेजारीच नवी विहीर खणायची. खोली जुनीएवढीच, कारण झरा तेवढ्यावरच होता. रुंदी मात्र दुप्पट, बारा हात. तोवर बायका नदीचं पाणी भरत होत्या. पण चैत्रात नदी आटे, आणि मग पाण्याला डोंगरापलीकडच्या झऱ्यावर जावं लागे. पाटलीणबाईंचे गुडघे दुखायचे. त्यांनी पाटलाला बजावलं, "चैत्राच्या आत विहीर व्हायला पाहिजे. यंदा मला डोंगर चढवायचा नाही."

गावकीचं काम पाळीने होई. जुन्या विहिरीच्या वेळी दर घराने दगडाची एक पाळी आणि खोदाईची एक पाळी दिली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता किती पाळ्या लावायच्या, हे विचारायला पाटलाने दोघांना बोलावलं. विहीर आतून बांधणारा गवंडी आणि खोदाईवरचा मुकादम.

गवंडी म्हणाला, "दुप्पट. मी जुन्या विहिरीच्या काठानं दोरी फिरवली होती, एकोणीस हात भरली. नव्या आखणीवर फिरवली, ती अडतीस. दगड काठालाच लागतो. तवा घरटी दोन पाळ्या लावा."

मुकादम म्हणाला, "चौपट. विहीर लांबीनं दुप्पट झाली, अन् रुंदीनंबी दुप्पट झाली. माती तर सगळ्या पोटातली काढायची. घरटी चार पाळ्या लागतील."

पाटलाने कपाळाला आठ्या घातल्या. "विहीर एक. एक म्हणतो दुप्पट, एक म्हणतो चौपट. म्हणजे तुमच्यातला एक जण खोटं बोलतोय."

"दोघं खरं बोलतोय, पाटील," गवंडी म्हणाला.

"ह्यांचं खरं आहे अन् माझंबी खरं आहे," मुकादम म्हणाला.

दोन पक्षांचं एकमत झालेलं पाटलाने कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळे त्याला संशय आणखीच आला. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि निवाडा दिला. "ना याचं, ना त्याचं. तिप्पट. घरटी तीन पाळ्या दगडाच्या, तीन पाळ्या खोदाईच्या. बेरीज करा, सहाच्या सहा. कोणाचं काही गेलं का?"

बेरीज बरोबर होती, हीच तर चीड आणणारी गोष्ट. गाव मान डोलावून घरी गेलं.

पाटलीणबाईंनी हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. संध्याकाळी पाटील जेवायला बसला, तेव्हा त्यांनी पिठाचा एक गोळा घेऊन लहान पोरांसाठी थापतात तशी चानकी थापली. मग तेवढ्याच जाडीची, पण दुप्पट रुंद भाकरी थापायला घेतली. दोन गोळ्यांनी भागलं नाही. तीन घातले, तरी कड पुरेना. चौथा गोळा घातला तेव्हा भाकरी झाली.

"मोजा गोळे," त्या म्हणाल्या. "आता ह्या दोऱ्याने दोन्हींच्या कडा मोजा."

पाटलाने दोरा फिरवला. भाकरीच्या कडेला चानकीच्या दुप्पट दोरा लागला.

"कडेला दुप्पट, पोटाला चौपट. तुमचा गवंडी कड बांधतो, मुकादम पोट रिकामं करतो. कळलं का आता?"

"कळलं," पाटील म्हणाला. त्याने चानकीही खाल्ली आणि भाकरीही खाल्ली. पाणी प्यायला. मग म्हणाला, "पण निवाडा झालाय. पाटलाने निवाडा फिरवला की गाव फिरतं."

बाईंनी उरलेलं पीठ डब्यात ओतलं आणि झाकण जरा जोरात लावलं.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. दगडाच्या दोन पाळ्या झाल्या, तेव्हा गवंडी येऊन म्हणाला, "पाटील, दगड पुरला. आता ही माणसं खोदाईला द्या."

"तीन ठरल्यात," पाटील म्हणाला.

मग गावातली धडधाकट माणसं तिसऱ्यांदा खाणीवर गेली. नको असलेले दगड फोडले, नको असलेले दगड गाडीत भरले आणि नको असलेले दगड विहिरीपाशी आणून रचले. बैलांनासुद्धा त्या कामाचा कंटाळा आला असेल. इकडे खोदाईच्या तीन पाळ्या संपल्या आणि विहीर पाऊण खोलीवर थांबली. झरा होता त्याच्याखाली. तळच लागला नव्हता, त्यामुळे बांधकामही सुरू करता येईना, ते तळापासूनच वर येतं. तेवढ्यात सुगी आली. माणसं शेतात गेली. विहिरीपाशी कोरडा खड्डा आणि दगडांचा ढीग, एवढंच राहिलं.

चैत्र लागला. नदी आटली. गावातल्या बायका हंडे घेऊन डोंगर चढू लागल्या.

एका सकाळी पाटील त्या खड्ड्याच्या काठावर बसला होता. पाटलीणबाई डोंगर उतरून आल्या. एक पाय ओढत होत्या. त्यांनी हंडा पाटलापुढे टेकवला.

"प्या," त्या म्हणाल्या. "पाऊणच आहे. उतारावर गुडघा दगा देतो, तिथं सांडलं."

पाटलाने हंड्यात पाहिलं, मग विहिरीत पाहिलं. दोन्ही पाऊणच. त्याला स्वतःची फार लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती.

त्याने गवंड्याला आणि मुकादमाला बोलावणं पाठवलं.

"आता किती काम राहिलं?"

"दगडाचं काहीच नाही," गवंडी म्हणाला. "उलट एका पाळीचा दगड जास्त पडलाय."

"खोदाईची घरटी एक पाळी," मुकादम म्हणाला.

पाटलाने मिशीवरून हात फिरवला. "एक म्हणतो काहीच नाही, एक म्हणतो एक पाळी. म्हणजे मधलं धरलं तर अर्धी..."

बाईंनी पाऊण हंडा त्याच्यापुढे सरकवला.

पाटलाचा हात मिशीवरच थांबला. त्याने तोंड मिटलं, मुकादमाच्या खांद्यावरची कुदळ घेतली आणि शिडीने खाली उतरला.

थंडीत झालं असतं ते काम गावाने वैशाखाच्या उन्हात केलं. पाणी लागलं तेव्हा आभाळात ढग जमू लागले होते, आणि डोंगराची वाट बायकांच्या पायांनी गुळगुळीत झाली होती.

विहीर चांगली झाली. आता तिच्या काठावर आठ बायका पाणी ओढतात. शेजारी दगडांचा तो ढीग अजून पडून आहे. पाटलीणबाई गुडघ्याला विसावा द्यायला त्यावर बसतात आणि नवीन सून आली की तिला सांगतात, "ही पाटलाची तिसरी पाळी."

पाटील आता म्हातारा झालाय. कोणी वाद घेऊन आलं की तो आधी विचारतो, "तू काय मोजलंस? आणि तू काय मोजलंस?"

तात्पर्य: काठ मोजणारा आणि पोट मोजणारा यांचे आकडे वेगळेच येणार. दोघांच्या मधला आकडा मात्र कशाचाच नसतो.