कानातला नाद

एका वृद्ध वैद्यांच्या घरी एकदा एक व्यापारी कानावर हात ठेवून आला. वैद्य परगावी गेले होते, घरी त्यांचा शिष्य होता. कानात सतत भुणभुण होते, ही त्याची तक्रार. शिष्याने कानात डोकावून पाहिले, तर मळाचा खडा. कोमट तेलाने तो मऊ करून त्याने हलकेच काढला आणि भुणभुण थांबली. व्यापाऱ्याने गावभर इतकी वाखाणणी केली की शिष्याला वाटले, या व्याधीचे औषधच आपल्याला गवसले.

त्यामुळे तांब्याची भांडी ठोकणारा रखमाजी तांबट तीच तक्रार घेऊन आला, तेव्हा शिष्याने कानात न पाहताच तेल घातले.

"रातकिड्यांसारखं वाजतं हो," रखमाजी म्हणाला. "घरचे म्हणतात, कुठं काय वाजतंय? काम थांबवून हातोडा ठेवला, माडीवर दार लावून बसलो, तर तिथं जास्तच."

शिष्याने रोज तेल घातले. गुण येईना. शेवटी तांबटाचे डोळे भरून आले. "म्हणजे माझं डोकंच फिरलंय."

त्याच दुपारी वैद्य परतले.

ते हातपाय धुतात न धुतात तोच अनसूया नावाची एक बाई भावाबरोबर आली. तिच्याही एका कानात आवाज होता. शिष्याचा हात सवयीने तेलाकडे गेला. वैद्यांनी तो धरला.

"बाई, कानात जसं वाजतंय, तसं बोटानं जमिनीवर वाजवा."

ती वाजवू लागली. वैद्यांनी तिची नाडी शिष्याच्या हाती दिली. बोटाचा ठेका आणि नाडीचा ठोका एकच होता! वैद्यांनी तिच्या मानेजवळ कान नेऊन क्षणभर ऐकले आणि ते भावाकडे वळले. "हा आवाज मलाही ऐकू येतो. रक्तवाहिनीत काही बिघाड असू शकेल. इथं थांबू नका, आजच शहरातल्या इस्पितळात दाखवा."

मग ते ओसरीवर थांबलेल्या रखमाजीजवळ बसले. त्याच्या कामाविषयी, झोपेविषयी विचारले, कान तपासले आणि उठून म्हणाले, "चला, बंधाऱ्यावर जाऊ."

आजारी माणसाला ऊन उतरताना बंधाऱ्यावर कशाला न्यायचे, हे शिष्याला उमगेना. पाणी खळाळत पडत होते. तिघे पाण्याकाठी बसले.

"इथं कमी वाटतंय," रखमाजी हळूच म्हणाला.

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे, रखमाजी. तुम्हाला ऐकू येतं ते खरंच येतं. वर्षानुवर्षं घाव ऐकून कान दुखावला आहे. हा आवाज जाईलच, असं मी सांगणार नाही. पण सामसूम खोलीत त्याच्यावर पहारा देत बसू नका. आसपास मंद आवाज असू द्या, माणसांत बसा. आणि हातोडा धराल, तेव्हा कानांत बोळे घाला."

रखमाजीने डोळे पुसले. प्रथमच कोणीतरी त्याचे खरे मानले होते.

परतताना शिष्य म्हणाला, "गुरुजी, तिघांची तक्रार एकच होती."

"तक्रारीचा शब्द एक होता. एकाचा आवाज मळाचा, एकीचा रक्ताचा, एकाचा दुखावलेल्या कानाचा. पहिला काढायचा, दुसऱ्यासाठी धावायचं, तिसऱ्यासोबत राहायला शिकवायचं. तू औषध हाती घेऊन बसला होतास, म्हणून तुला माणूस ऐकू आला नाही."

पुढे अनसूयेच्या भावाने निरोप पाठवला, वेळेवर आलात असे डॉक्टर म्हणाले. काही महिन्यांनी शिष्याला बाजारात रखमाजी भेटला. कानांत बोळे घालून तो एका हंड्याला आकार देत होता. शिष्याने खुणेने विचारले, आवाज कसा आहे?

रखमाजीने बोळे काढले, क्षणभर कानोसा घेतला आणि हसला.

"आहे की. पण तुम्ही विचारलंत, तेव्हा आठवला."