वारुळाचा खालचा मजला

माणसांनी अजून नांगर हाती घेतला नव्हता, त्या काळी एका हिवराच्या झाडाखाली मुंग्यांचं मोठं वारूळ होतं. वरच्या मजल्यावर शिपाई मुंग्या राहत. खाली ओलसर मातीत दाया राहत आणि साऱ्या वारुळाची पिल्लं भरवून वाढवत. पाऊस आला की आधी त्याच बुडत.

"आम्हालाही वर कोरडी जागा द्या," असं सांगून त्या थकल्या. शेवटी त्यांनी बंड केलं आणि दोन शिपायांना मारलं.

सरदार डोंगळा खवळला. "खालची सगळी भोकं लिंपून टाका!"

"सरदार, आत आपलीही पिल्लं आहेत," म्हातारी शिपाई कोंडाई म्हणाली.

"म्हणूनच दोन दिवसांत शरण येतील."

कुणीच शरण आलं नाही. बाराव्या दिवशी आतली खुडबुड थांबली. वर विजयाचा जल्लोष झाला, मग भोकं उकरली. आत दाया मरून पडल्या होत्या, प्रत्येकीचं तोंड एकेका पिल्लाच्या तोंडाशी. पोटातलं होतं नव्हतं ते त्यांनी पिल्लांना दिलं होतं. तरी एकच पिल्लू जगलं होतं. चाहूल लागताच त्याने तोंड उघडलं.

"एकीने तरी याला भरवा!" डोंगळा ओरडला.

"सरदार," कोंडाई म्हणाली, "आपल्याला ज्यांनी भरवलं, त्या सगळ्या इथेच पडल्यात. आपल्यातल्या कुणाला भरवता येतंय?"

डोंगळा खाली वाकला. त्याचा जबडा पिल्लाहून मोठा होता. पिल्लू तोंड उघडून वाट बघत होतं.