तेल्याची पळी

फार जुनी गोष्ट आहे, आजीच्या आजीनेही ऐकलेलीच. एका राजधानीच्या वेशीजवळ एक गल्ली होती. तिथे मोळीवाले, हमाल आणि दोर वळणारे राहत. दिवसाची मजुरी हातात पडली की ते संध्याकाळी वाटी घेऊन तेल्याच्या दुकानी येत. तेली त्यांना पळीने तेल मोजून देई. मोठ्या पेठेत बुधलाभर तेल घेतल्याशिवाय कुणी दारात उभं करत नसे. पळीभर तेल मिळायचं ते याच गल्लीत, म्हणून गरिबाची चूल इथे पेटायची.

मग राजाने गल्लीला लागून तळं बांधलं. तळ्यावरून गार वारा येऊ लागला आणि सरदारांना एकाएकी गल्ली फार आवडू लागली. त्यांनी मोकळ्या जागांवर हवेल्या उठवल्या. त्यांचे नोकर बुधले भरभरून तेल नेऊ लागले. तेली खूश झाला.

एके दिवशी एका सरदाराचा कारभारी कुरकुरला, "या वाटीवाल्यांच्या गर्दीत आमचा माणूस ताटकळतो."

तेल्याने त्याच दिवशी पळी खुंटीला अडकवली.

संध्याकाळी मोळीवाली म्हातारी आली. चाळीस वर्षं ती त्या गल्लीत राहत होती.

"अरे बाबा, बुधलाभर तेलाचे पैसे मी आणू कुठून? पळीभर दे की."

"मावशी, मी तुला इथून जा म्हटलंय का? बुधला घे नि खुशाल राहा."

म्हातारीने काही दिवस बिनतेलाचं कालवण खाल्लं. मग ती नदीपलीकडच्या गावात पळीभर तेल आणायला जाऊ लागली. पण जाण्यायेण्यात दिवस मोडे आणि मोळी विकायची राहून जाई. शेवटी तिने वाकळ आणि दोन भांडी बांधली आणि त्याच गावात राहायला गेली. जाताना ती रडली. तिच्यामागून हमाल गेले, दोर वळणारेही गेले.

राजाने चौकशी केली. सरदार म्हणाले, "महाराज, आम्ही कुणाच्या केसालाही धक्का लावला नाही." राजाचं समाधान झालं. त्याचं समाधान नेहमीच लवकर व्हायचं.

वर्षभराने सरदारांना तेलाच्या घाण्याची करकर नकोशी झाली. त्यांचं तेल पेठेतून गाडीने येऊ लागलं. तेल्याकडे फिरकायला गल्लीत दुसरं कुणी उरलंच नव्हतं. घाणा बंद पडला, बैल विकला गेला. तेली नदीपलीकडे गेला आणि मजुरी करू लागला.

तिथल्या तेल्याच्या दुकानापुढे तो वाटी घेऊन उभा राहिला, तेव्हा पुढे मोळीवाली होती.

"मावशी, चुकलं माझं," तो खाली मान घालून म्हणाला.

"चुकलंच," म्हातारी म्हणाली. "तू आपल्याच माणसांना उठवलंस."

तात्पर्य : गरिबाला हाकलायला काठी लागत नाही, त्याला परवडणारं माप बंद केलं की तो आपणहून उठतो.