राणी शीलवतीची मधमाशी झाली तेव्हा

एका राज्यात मृगांक नावाचा राजा होता आणि शीलवती नावाची राणी. राजवाड्यापासून मावळतीला एक रान होते. त्या रानात फुटक्या खोडाचे एक ऐनाचे झाड होते आणि त्याच्या ढोलीत मधमाश्यांचे मोठे पोळे होते. राणीचा त्या पोळ्यावर फार जीव.

एके दिवशी धूम्रकेश नावाचा मांत्रिक दरबारात आला.

"मला ते पोळे जाळून सगळा मध न्यायचा आहे."

"मिळणार नाही," राणी म्हणाली.

"एवढी माया आहे, तर त्यांच्यातच राहा!"

त्याने मूठभर राख फुंकली. सिंहासनावर राणीच्या जागी एक मधमाशी उरली. ती दोनदा फिरली आणि खिडकीतून निघून गेली.

"हिला ओळखून बोट लावाल तर ती परत मिळेल," मांत्रिक म्हणाला. "बोट चुकीच्या माशीला लागले, तर राणी जन्मभर माशीच राहील."

राजाने अन्न सोडले. राजकन्या कुवलयेने मात्र डोळे पुसले, केस घट्ट बांधले आणि ती रानात गेली. ढोलीपाशी पोहोचताच ती "आई, आई" करत हात हलवू लागली. लगेच मनगटावर डंख बसला, आणि मागोमाग आणखी दोन.

"दूर हो, राजकन्ये!" फांदीवर बसलेला वेडा राघू पक्षी ओरडला. "डंखातून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. तो त्यांचा धोक्याचा इशारा. आधी नांगी खरवडून काढ, मग हात धू."

"तुला कसे ठाऊक?"

"मी यांना खातो. खाणाऱ्याला माहिती ठेवावी लागते."

कुवलयेने हात धुतले आणि ती लांब बसून राहिली. तेवढ्यात ढोलीतून पोळ्याची राणीमाशी बोलली.

"मुली, तुझी आई कोणती ते मलाही ठाऊक नाही. मला राणी म्हणतात, पण हुकूम माझा चालत नाही. तू तीन गोष्टी शीक. दारावर कसे यावे ते शीक. आमची बोली शीक. आणि आम्ही लढू तेव्हा मध्ये न पडणे शीक."

कुवलया रोज येऊ लागली. अत्तर नाही, घाई नाही, श्वाससुद्धा एका बाजूला वळवून सोडायचा. पहारेकरणी आधी अंगावर येत, मग नुसत्या घिरट्या घालत. हळूहळू त्यांनी तिच्याकडे लक्ष देणेच सोडले.

मग तिने निळ्या वाटीत साखरपाणी ठेवले आणि पिवळ्या वाटीत नुसते पाणी. थोड्याच फेऱ्यांत माश्या पिवळीकडे फिरकेनाशा झाल्या. ती निळी वाटी कधी इकडे नेई, कधी तिकडे, आणि परतलेली माशी पोळ्यावर कशी नाचते ते खोडाच्या फटीतून बघे. वाटी सूर्याच्या दिशेला असली की माशी पोट थरथरवत सरळ वर धावे. वाटी सूर्याच्या उलट दिशेला असली की सरळ खाली. जागा दूर असेल तितकी थरथर लांबे.

"राघू, या रस्ता सांगतात!" ती आनंदाने ओरडली.

"हे मलाही ठाऊक नव्हते," राघू म्हणाला, आणि थोडा खट्टू झाला.

एका संध्याकाळी धूम्रकेश प्रचंड गांधीलमाशी होऊन पोळ्यावर आला. त्याच्या टणक पाठीवर डंखांचे काही चालेना. तेव्हा शेकडो माश्या त्याला बिलगल्या, त्यांचा चेंडू झाला, आणि पंख न हलवता त्या अंग थरथरवू लागल्या. चेंडू तापत गेला. मधमाशीला जेवढा ताप सोसतो, त्याहून थोडा कमी गांधीलमाशीला सोसतो. त्या एवढ्याशा फरकावर सगळी लढाई होती.

त्या तापात कुठेतरी आई होती. कुवलयेने पाण्याची घागर उचलली. पाणी ओतले तर आई निवेल, पण मांत्रिकही वाचेल. तिने घागर खाली ठेवली.

चेंडू सुटला. गांधीलमाशी मरून पडली. तिच्याभोवती गवतात चारदोन माश्याही निपचित पडल्या होत्या. कुवलयेला त्यांच्याकडे बघवेना. तिने फटीला डोळा लावला.

सूर्य मावळतीला टेकला होता. उत्तरेच्या डोंगरावर कारवी फुलली होती. परतलेल्या माश्या उजवीकडे धावत तिकडची वाट सांगत होत्या. एका कडेला एकच माशी, पंख फाटलेली, सरळ खाली धावत होती. वळून पुन्हा वर येई, पुन्हा खाली धावे. म्हणजे सूर्याच्या उलट, उगवतीला. त्या बाजूला ना फूल होते ना पाणी. त्या बाजूला राजवाडा होता. तिच्या मागे एकही माशी जात नव्हती.

"आई," कुवलया म्हणाली आणि तिने अलगद बोट लावले.

ऐनाखाली राणी शीलवती उभी राहिली. पदर फाटलेला, केसांत पराग.

"किती वाळलीस गं," ती म्हणाली. "मी रोज सांगत होते, पण कुणाला कळेचना."

"मला आज कळले, आई."

तिने आईच्या खांद्यावर डोके ठेवले आणि इतके दिवस आवरलेले रडू मोकळे केले. मग दोघी घरी निघाल्या. वेशीपाशी राजा अनवाणी धावत आला आणि सगळ्या प्रजेसमोर राणीचा हात धरून उभा राहिला.

"महाराज, आत चला," राणी हळूच म्हणाली. "लोक बघत आहेत."

"बघू देत," राजा म्हणाला.

त्या राज्यात पुन्हा कुणी पोळ्याला आग दाखवली नाही, आणि राजा त्या रात्री पोटभर जेवला.