उपरण्याची खडप

बंदराच्या पायऱ्या उतरून आलात की डाव्या हाताला जो काळा सपाट खडक दिसतो, भरतीला तीन बाजूंनी पाण्यात जाणारा, त्याला कोंडवेळात उपरण्याची खडप म्हणतात. पाण्यात पाय घालण्याआधीच तुम्हाला इथे अडवले, याचा राग मानू नका. या दिवसांत इथे थांबावेच लागते. देवसुद्धा थांबतो. नारळी पौर्णिमेला वेळेश्वराची पालखी समुद्रस्नानाला निघते, ती या खडपीपाशी येऊन थांबते. मग गावातला सर्वांत शिकलेला माणूस पुढे होतो, पाण्याकडे बघतो आणि साऱ्या गावासमोर तीनदा म्हणतो, "माका ठावक नाय." एवढे बोलून तो खांद्यावरचे उपरणे काढतो आणि सारंगांच्या घरातल्या बाईच्या हाती देतो. पुढचे काम तिचे.

हे असे का, ते मी ऐकले तसे सांगतो. तपशिलाची हमी देत नाही. दोन ठिकाणी मला स्वतःलाच शंका आहे, ती त्या त्या जागी सांगेन.

गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीची आहे असे सांगतात. काही जण तीनशे म्हणतात. तेव्हाही श्रावणात इथे झार येत. झार म्हणजे तुम्ही ज्याला जेलीफिश म्हणता ते. त्यातले काही नुसतेच बुळबुळीत असतात, आणि काही असे डसतात की धडधाकट माणूस वाळूत लोळू लागतो. देवाला न्हाऊ घालायचे म्हणजे पालखीच्या आठ भोयांनी छातीभर पाण्यात जायचे, तेही दोन्ही हात दांड्याला धरून. म्हणजे काही डसले तर खाजवायचीही सोय नाही. शिवाय देव न्हाल्याखेरीज कोंडवेळची एकही होडी समुद्रात जात नसे, आणि पावसाळाभर होड्या शाकारून ठेवलेल्या. त्यामुळे पाणी बघणाऱ्या माणसाच्या शब्दावर सगळे गाव टेकलेले असायचे.

तो मान त्या काळी आवडाबाय सारंग नावाच्या म्हाताऱ्या गाबितणीकडे, तुम्ही कोळीण म्हणाल तिच्याकडे, होता. ती खडपीवर बसायची, घटकाभर पाणी बघायची आणि "थांबा" म्हणायची किंवा "चला" म्हणायची. "चला" म्हटले की देवाच्या पुढे पहिले पाऊल पाण्यात तीच टाकायची. त्याला कोणी मानाचा भाग समजत नव्हते. आपली म्हातारीची सवय, असे समजत.

त्या सुमाराला हरबाशास्त्री काशीहून बारा वर्षे शिकून गावात परत आले. विद्वान खरे. पण "माहीत नाही" हे शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. स्वतः न पाहिलेल्या गावाची वाटसुद्धा ते सांगत, आणि विचारणारा कुठेतरी पोहोचतही असे. देवाच्या स्नानाचा निर्णय एक अक्षरशत्रू बाई करते, हे त्यांच्या मनाला लागले. वर्षभर बसून त्यांनी झारांवर सत्तावीस श्लोक रचले.

त्यांनी झारांची वाटणी तीन गुणांवर केली होती. तपकिरी, जाड, झालरीचा, थाळीएवढा झार तो तामस. तो हटकून डसतो. निळ्या फुग्याचा, लांब शेपटीचा तो राजस. डिवचला तरच डसतो. आणि पाण्यासारखा नितळ, ज्यातून पलीकडचे दिसते, तो सात्त्विक. तो डसत नाहीच, उलट त्याच्या स्पर्शाने पाप जाते. मी चौतीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले, पण इतके सुटसुटीत वर्गीकरण मला एकदाही जमले नाही. एवढेच, की ते जवळजवळ उलटे होते. तो तपकिरी थोराड झार बहुधा नुसती खाज देऊन सोडतो. निळा वाळूत मरून पडला तरी डसतो, तेव्हा त्याला उचलू नका. आणि नितळांतला जो चौकोनी, चार कोपऱ्यांतून दोरे सोडणारा, तो सर्वांत वाईट, कारण पाण्यात तो दिसतच नाही. आमच्या किनाऱ्यापुरते बोलतो आहे. इतरत्र काय असेल ते मला सांगता येणार नाही.

श्लोक ऐकून गावकी दिपली आणि यंदापासून पाण्याचा मान शास्त्रीबुवांच्या घराण्याकडे, असे ठरले. आवडाबाय भांडली नाही. "मान घेतल्यात तर पुरो घ्या," एवढेच म्हणाली. पण तिचा धाकटा मुलगा तातू पालखीच्या पुढच्या दांड्याला होता. त्याचे वैशाखात लग्न झालेले. म्हणजे चुकीच्या पाण्यात सर्वांत आधी जाणारे पाय तिच्या मुलाचे होते.

पौर्णिमेला शास्त्रीबुवांनी सकाळचा, चढत्या भरतीचा मुहूर्त काढला. वाळूत दोन तपकिरी झार पडले होते, ते काठीने लांब ढकलायला लावले. तामस गेले. पाणी काचेसारखे स्वच्छ होते. आवडाबाय खडपीवर बसली होती.

"शास्त्रीबुवा, पाणी चढता हा. वोहटीपर्यंत थांबा."

"तुला पाण्यात काही दिसते का, बाई?"

"नाय."

"मग?"

"म्हणानच."

शास्त्रीबुवा हसले आणि त्यांनी पालखी पुढे घ्यायला सांगितले. तेव्हा म्हातारी उठली आणि पालखीच्या आडवी उभी राहिली. "पाणी जो बघता, पयला पाऊल तेचा. देवाच्या फुडे." गुरवाने डोके खाजवले आणि कबूल केले की आजवर तसेच होत आले आहे. शास्त्रीबुवांना यात वावगे काही वाटले नाही. नितळ पाणी, सात्त्विक झार. धोतर वर खोचून ते पाण्यात शिरले.

गुडघाभर पाण्यात त्यांनी पहिला श्लोक म्हटला. मांडीभर पाण्यात दुसरा. तिसरा अर्ध्यावर थांबला. मग शास्त्रीबुवा उडाले. एकदा, दोनदा, मग थांबेनातच. डोळे पांढरे, शेंडी सुटलेली, हात वर.

इथे गावाची जी चूक झाली ती तुम्ही समजून घ्या. आमच्याकडे देव माणसाच्या अंगात येतो तेव्हा तो असाच उडतो. त्याला अवसर म्हणतात. लोकांना वाटले, केवढा हा मान, पहिल्याच वर्षी अवसर आला. कोणी सोडवायला गेले नाही. उलट सगळ्यांनी हात जोडले आणि ढोलवाल्यांनी त्या उड्यांवर ठेका धरला. अवसराला प्रश्न विचारायचे असतात, म्हणून गुरव पाण्याच्या काठाशी गेला.

"म्हाराजा, यंदा म्हावरा गावतला काय?"

"माका ठावक नाय," शास्त्रीबुवा ओरडले. काशीची बारा वर्षे जिभेवरून गळून पडली होती आणि आईची भाषा तेवढी उरली होती.

गुरव गोंधळला. आजवरचा प्रत्येक अवसर काही ना काही सांगत आला होता. त्याने पुन्हा विचारले, "वादळ येतला काय?"

"माका ठावक नाय."

"मगे ह्या पाण्यात काय आसा, ता तरी सांग."

"माका ठावक नाय रे. माका भायर काढा."

आता मात्र लोक चरकले. देव सगळे काही मागतो, कोंबडा मागतो, नारळ मागतो, पण बाहेर काढा असे म्हणत नाही. आवडाबायने तोवर ओळखले होते की अवसर डोक्यातून येतो आणि हा पायांतून आला आहे. शास्त्रीबुवांचे उपरणे खांद्यावरून सुटून पाण्यावर पसरले होते. म्हातारी खडपीवर पालथी पडली, उपरण्याचे एक टोक तिने पकडले आणि दुसरे त्यांना धरायला लावून त्यांना ओढून काठाला आणले. माझी पहिली शंका इथे आहे. भिजलेले उपरणे भरल्या अंगाच्या विद्वानाचे वजन सोसेल का, हे मला सांगता येत नाही. मी घरी जुन्या उपरण्याने पायलीभर तांदळाचे पोते ओढून पाहिले. उपरणे फाटले, पण ते फारच जुने होते.

मग तिने ते उपरणे या खडपीवर पसरले. पाण्यात जे कोणालाच दिसले नव्हते, ते पांढऱ्या कापडावर सगळ्यांना दिसले. बोरांएवढे पाच-सहा नितळ चौकोन, आणि प्रत्येकाच्या चारही कोपऱ्यांतून निघालेले दोरे. भोयांनी पालखी हळूच खाली टेकवली आणि तातू दोन पावले मागे सरला, असे सांगतात.

शास्त्रीबुवांना सारंगांच्या पडवीत नेले. आवडाबायने पाय चोळू दिले नाहीत. तिने त्यांवर माडी आंबवून केलेला शिर्का, म्हणजे व्हिनेगर, ओतला. ताडामाडाच्या झाडाखालून जायचे झाले तरी नाक दाबणारे शास्त्री त्या वासात पडून होते. जरा बरे वाटल्यावर त्यांनी विचारले, "याला शास्त्रात आधार काय?"

"पायांक इचारा," म्हातारी म्हणाली.

संध्याकाळी ओहोटी लागली. म्हातारीने तेच उपरणे झटकून, धुऊन, उथळ पाण्यातून तीनदा ओढले आणि तीनदा खडपीवर पसरले. स्वच्छ निघाले. तिने पहिले पाऊल टाकले, मागून तातूने, मग देव न्हाला आणि होड्या सुटल्या. विद्वानाने आपले अज्ञान कबूल केले म्हणून समुद्राने प्रसन्न होऊन झार मागे घेतले, असे म्हणतात. माझी दुसरी शंका ही. मला वाटते, ती नुसती ओहोटी होती. पण ओहोटी रोज येते आणि शास्त्रीबुवांच्या तोंडून ते वाक्य आयुष्यात पहिल्यांदा आले होते, म्हणून लोक श्रेय वाक्याला देतात. त्यांचे चुकते असे मी ठामपणे म्हणणार नाही.

आठ दिवसांनी शास्त्रीबुवा लंगडत देवळात आले आणि त्यांनी देवासमोर नवस बोलला: दरवर्षी आपण स्वतः खडपीपाशी येऊन ते वाक्य तीनदा म्हणू आणि उपरणे सारंगांच्या हाती देऊ, आपल्यामागे गावात जो कोणी सर्वांत शिकलेला असेल त्याने ते करावे. त्यांची पोथी देवळात आहे म्हणतात. सत्तावीसही श्लोकांवर काट मारलेली आहे आणि खाली एकच ओळ आहे, "आवडाबायस विचारणे." पोथी मी पाहिलेली नाही. गुरव म्हणतो, पेटीची किल्ली सापडत नाही.

आजही पालखी पाण्यात शिरताना ढोलवाले तोच उड्यांचा ठेका वाजवतात. आजही गावाच्या बैठकीत कोणी फार खात्रीने बोलू लागला की मागून विचारतात, "पयला पाऊल तुझा काय?" आमच्या बैठका लवकर आटोपतात. आणि आजही नारळी पौर्णिमेला कोणीतरी शिकलेला माणूस या खडपीपाशी उभा राहतो. गेली एकोणीस वर्षे तो मी आहे. वर्षभर मी जे काही बोलतो त्यातले बरेचसे घरी जाऊन मनात दुरुस्त करतो. हे एक वाक्य मात्र तीनदा म्हणतो आणि आवाज कापत नाही.

आता ज्या पायऱ्या उतरत आहेत त्या सुलभा सारंग. आज पौर्णिमा नाही, पण पाहुणे आले की त्या येतात. उपरणे माझेच लागते, थांबा, देतो. पाणी कसे आहे ते मला विचारू नका. चपला हातातच असू द्या, आणि त्यांचे पाऊल ओले झाल्याशिवाय तुमचे पुढे टाकू नका.